तळं क्रमांक आठ

आमच्या गावाचं नाव लोव्हशार. अर्थ, पानांचं बेट. बेट होतं तेव्हा त्यावर पानं नव्हती. आता पानं भरपूर आहेत आणि बेट नाही. नाव बदलण्याचा ठराव दोनदा आला, पण दोन्ही वेळा नव्या पाट्या नुकत्याच रंगवून झाल्या होत्या.

बोथ्नियाच्या आखाताच्या या काठाला जमीन वर येते. वर्षाला साडेआठ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. माणसाची नखंसुद्धा याहून जोरात वाढतात. पण नखं कापता येतात. हिमयुगात इथे दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता. तो उठून गेला त्याला दहा हजार वर्षं झाली आणि जमीन अजून अंग मोकळं करते आहे. त्यामुळे आमच्याकडे आजोबांचं होडीघर बटाट्याच्या शेतात असतं, वडलांचं लव्हाळ्यात आणि आपलं पाण्यात. काही काळ.

खाडी एकदम मरत नाही. आधी तिच्या तोंडाशी पाण्याखालचा एक उंबरा वर येऊ लागतो. आत पाणी, बाहेर समुद्र, मध्ये हा उंबरा. अशा खाडीला आम्ही फ्लाडा म्हणतो. उंबरा पुरता वर आला की फ्लाड्याचं तळं होतं, तळ्याची दलदल होते आणि दलदलीत शेवटी कुणाच्या तरी चुलतभावाचे बटाटे लागतात. गावामागच्या जंगलात अशी सात तळी आहेत. प्रत्येक तळं कधीतरी कुणाचं तरी बंदर होतं. चौथ्यावर गावच्या शाळेची पोरं हिवाळ्यात घसरतात.

मायलिसकाकू अशाच एका फ्लाड्याच्या आत राहते. ती माझ्या रूनेकाकाची बायको. काका जाऊन नऊ वर्षं झाली. काकू त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि आठवड्यातून पाच दिवस स्वतः जाळी टाकते. होडीघर खिडकीसमोर, होडी होडीघरासमोर, आणि होडीपासून समुद्रापर्यंत चारशे मीटर पाणी, ज्याच्या टोकाला तो उंबरा. काकूच्या आजवर तीन होड्या झाल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा उथळ. तिसरी तर जवळजवळ ताट आहे. तरीही आता वारा नैऋत्येचा असला, पाणी फुगलं, तरच ती उंबऱ्यावरून सुटते. वारा फिरला की होडी घरात आणि काकू खिडकीत.

म्हणून मागच्या हिवाळ्यात तिने अर्ज केला. उंबऱ्याच्या खडकात दोन मीटर रुंद आणि पाव मीटर खोल खाच पाडू द्या. सुरुंग लावणारा माणूस तयार होता. फक्त असे फ्लाडे कायद्याने राखीव असतात, त्यामुळे पर्यावरण खात्याची परवानगी लागते, आणि खात्याला लागतं तज्ज्ञाचं पत्र. तज्ज्ञ घरातलाच होता. काकूचा थोरला भाऊ होल्गर. हेलसिंकीत पस्तीस वर्षं प्रोफेसर. पृथ्वीच्या पोटात काय आहे हा त्यांचा विषय.

"गावच्या बंदरात जागा आहे की," मी एकदा म्हटलं होतं. "माझ्या शेजारचाच खुंटा रिकामा आहे."

"बंदरात? त्या प्लॅस्टिकच्या टबांमध्ये?" काकू म्हणाली. "केनेट, सकाळी उठून खिडकीतून होडी दिसली नाही तर मी उठू कशाला? आणि मला काही जन्मभराची खाच नकोय. दहा वर्षं पुरे. त्र्याऐंशीनंतर मी काय जाळी ओढणार?"

"ओढशील."

"ओढीन म्हणा. पण खात्याला दहाच सांगितलीत."

जुलैत खात्याने मला कामाला लावलं. मी वासा शहरातल्या शाळेत भाषा शिकवतो, त्यामुळे ज्यांना लिहायचा कंटाळा येतो ते सगळे मला ओळखतात. काकूच्या फ्लाड्याकाठी एक माहितीफलक बसवायचा होता. प्रोफेसरांनी तरुणपणी इथेच मोजमापं घेऊन पृथ्वीच्या अंतरंगाचा ठाव घेतला, असा मजकूर. शब्द एकशे वीस. फुकट. प्रोफेसरांचा प्रबंध बघावा म्हणून मी काकूकडे गेलो, कारण गावात त्याची एकच प्रत होती: तिच्या काचेच्या कपाटात, बायबल आणि होडीच्या इंजिनाचं माहितीपत्रक यांच्या मध्ये.

"ने. पण कॉफीचा डाग पडला तर तुझ्या आईलाही सोडणार नाही."

"आई जाऊन बारा वर्षं झाली, काकू."

"म्हणून तर. तिला ऐकून घ्यायला सवड आहे."

प्रबंध इंग्रजीत होता आणि काकूला इंग्रजी येत नाही. पण अर्पणपत्रिकेची ओळ तिला पाठ होती, अर्थासकट. माझी बहीण मायलिस हिला, जिने मापकाठी सरळ धरली.

"तीन उन्हाळे धरली," ती म्हणाली. "त्या उंबऱ्यावर, कंबरभर बुटांत. खडकात त्याने एक खिळा ठोकला होता, त्यावर काठी टेकवायची. हा काठावर त्याच्या तीन पायांच्या दुर्बिणीमागे बसलेला. डासांनी माझं तोंड सुजायचं आणि हा तिकडून ओरडायचा, 'सरळ!' मी म्हणायचे, 'तूच वाकडा आहेस!'"

ती हसली. मग कॉफी ओततानाच, मी दहाव्यांदा ऐकत असलेली वाटण्यांची गोष्ट तिने सांगितली. एकोणऐंशी सालचा ईस्टर. वडील नुकतेच गेले होते. आई टेबलाच्या एका टोकाला. आणि होल्गर उभा राहून म्हणाला, मायलिसला समुद्र आवडतो, तिला समुद्र द्या. होडीघर, होड्या, जाळी, धक्का, मासेमारीचा हक्क, काठावरचं छोटं घर. मी पडलो पुस्तकातला माणूस, मला ती कोरडी जमीन, म्हणजे मोठं घर, शेतं, जंगल, चालेल.

"आईला रडू आलं," काकू म्हणाली. "असा भाऊ कुणाचा असतो? मोठं घर, शेतं, जंगल मागायचा हक्क होता त्याचा. पण म्हणाला कसा, चालेल! जणू उपकार मीच करत होते."

मी मान हलवली. कोरड्या जमिनीचं एक वैशिष्ट्य मला ठाऊक होतं, ते काकूलाही ठाऊक होतं, पण तिने ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. समुद्रातून वर येणारी जमीन आमच्याकडे गावाच्या सामाईकात जाते, आणि सामाईकात वाटा असतो तो शेतांबरोबर येतो. होडीघराबरोबर येत नाही. उंबऱ्याबाहेरच्या नव्या काठावर आता सहा उन्हाळी बंगल्या आहेत. एक प्रोफेसरांची.

"पत्र पाठवलं का त्यांनी?" मी विचारलं.

"लिहितो म्हणालाय. त्याचं पत्र गेलं की खातं नाही म्हणायचं नाही. त्याच्या शब्दाला वजन आहे."

मी प्रबंध घेऊन घरी आलो आणि व्हरांड्यात वाचत बसलो. कॉफी लांब ठेवून.

पुस्तक चांगलं होतं, हे मला सांगायलाच हवं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं. प्रोफेसरांनी सातही तळ्यांच्या तळातला गाळ लांब नळ्यांनी काढला होता. गाळात खाली खारट पाण्यातले जीव, वर गोड्या पाण्यातले. जिथे बदल होतो तिथे ते तळं समुद्रापासून तुटलं. कुठलं तळं किती उंचीवर आणि कधी तुटलं हे कळलं की जमीन कशी वर आली ते कळतं. आणि जमीन कशी वर आली हे कळलं की तिच्या खाली काय आहे ते कळतं. भिजवलेल्या कणकेत बोट दाबून काढा. खळगा भरायला किती वेळ लागतो त्यावरून कणीक सैल की घट्ट ते समजतं. बर्फ हे बोट. खाली शेकडो किलोमीटर खोलवरचा खडक ही कणीक. तिथवर कुणी जाऊ शकत नाही, आणि हा माणूस आमच्या तळ्यांतला चिखल चिवडून तिचा घट्टपणा सांगत होता. मला गावाचा अभिमान वाटला. चिखल शेवटी आमचा होता.

पान एकशे बारावर शीर्षक होतं: तळं क्रमांक आठ.

मी हसलो. आमची तळी सात. प्रोफेसरसुद्धा मोजताना चुकतात, ही माझ्या धंद्यातल्या माणसाला आनंदाची बातमी. मग खालचा नकाशा पाहिला. काठावर एक छोटा चौकोन होता, काकूच्या होडीघराचा.

चूक नव्हती. ते पुढचं तळं होतं. अजून न झालेलं. नकाशावर त्याला तळंच म्हटलं होतं आणि खाली तक्ता दिला होता, पाच-पाच वर्षांनी, उंबऱ्यावर किती पाणी राहील याचा. १९७८, चौसष्ट सेंटिमीटर. २००३, त्रेचाळीस. शेवटची ओळ २०२३, सव्वीस. त्याखाली बारीक अक्षरात दोन टिपा. एक: इंजिनाच्या होडीची ये-जा सुमारे २००० साली थांबेल आणि त्यापुढे हे मुख मासेमारीच्या उपयोगाचं राहणार नाही. दोन: उंबऱ्याचा माथा एकसंध खडक आहे; दगड किंवा गाळ उपसून खोली वाढणार नाही.

प्रस्तावनेखाली तारीख होती, ऑक्टोबर १९७८. ऑक्टोबर ते ईस्टर मी बोटांवर मोजले. सहा महिने. पुन्हा मोजले, कारण मी भाषेचा माणूस आहे.

काकू दर वसंतात, बर्फ फुटला की, पहार घेऊन त्या उंबऱ्यावरचे दगड काढायला जाते. गेली चव्वेचाळीस वर्षं. तिच्या कमरेत दोन शस्त्रक्रियांचं लोखंड आहे.

मी तीन दिवस तिला काही सांगितलं नाही. याला एक नाव आहे, पण ते मी या गोष्टीत इतरांसाठी राखून ठेवलं आहे. त्या तीन दिवसांत मी फलकाचा मजकूर पुरा केला. एकशे अठरा शब्द. त्यात काकूचा उल्लेख 'स्थानिक रहिवाशांच्या सहकार्याने' असा होता.

चौथ्या दिवशी गेलो तेव्हा ती धक्क्यावर पर्च मासे साफ करत होती.

"वाच," ती म्हणाली.

"इंग्रजीत आहे."

"मग आपल्या भाषेत वाच. शाळेत काय करतोस?"

मी वाचलं. सुरी चालू होती. टिपांपाशी ती म्हणाली, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं.

"तारीख काय म्हणालास?"

"ऑक्टोबर अठ्ठ्याहत्तर."

"विसरला असेल तो."

"काकू, छापलंय."

"म्हणून काय झालं? मीही काय काय लिहून ठेवते आणि विसरते. इतकी पानं आहेत. ईस्टरला त्याच्या डोक्यात भलतंच काही असेल. आईचं होतं, वडलांचं होतं." तिने मासा उलटा केला. मग सुरी थांबली. "रूने म्हणाला होता. दोन हजार साल असेल नाहीतर एक. म्हणाला, मायलिस, हा दगड नाही, खडक आहे, पहार कशी वाजते ऐक. मी म्हटलं, तू आळशी आहेस."

मी प्रबंध मिटला.

"मेला तोवर आळशीच म्हणत होते मी त्याला. म्हटलं, माझा भाऊ इतका शिकलेला, खडक असता तर त्याने मला सांगितलं नसतं?"

एक सीगल अगदी जवळ येऊन बसला. तिने त्याला माशांची डोकी टाकली.

"फलकावर काय लिहिलंयस?"

मी सांगितलं.

"कुठले रहिवासी?"

"तू."

"अस्सं," काकू म्हणाली. "बरे असतात ते. सहकार्य करतात." आणि मग, जणू बाकी सगळं संपलं होतं, "पत्र मात्र लिहील तो. झालं ते झालं, पण पत्र लिहील. कबूल केलंय त्याने."

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी फलकाचं अनावरण झालं. काठावर तंबू, थर्मासमधली कॉफी, वेलची घातलेला गोड पाव, आणि कोळंबी-काकडी लावलेला तो ब्रेडचा खारा केक, ज्याच्याशिवाय आमच्याकडे माणूस जन्मतही नाही आणि पुरलाही जात नाही. गावातले वीस-पंचवीस, बंगलीवाले दहा, खात्याचे तीन. प्रोफेसर फिकट सुटात आणि पांढऱ्या बुटांत आले होते. शहात्तरीतही ताठ. सगळ्यांची नावं आठवत होती, सगळ्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा. मला म्हणाले, "केनेट! मजकूर झकास झालाय. दोन शब्द उरलेत, नाही का?" मोजले होते त्यांनी. या माणसाचा राग करणं फार कठीण आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

काकू कंबरभर बुटांत आली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोसारखा फोटो हवा होता, म्हणून तिने उंबऱ्यावर काठी धरायची आणि प्रोफेसरांनी काठावरून वाचायचं, असा कार्यक्रम होता. होडी धक्क्याला होती, जाळ्यांनी आणि खोक्यांनी भरलेली. मला वाटलं, नंतर मासेमारीला जाणार असेल.

खात्याच्या हेइक्किलाबाई आधी बोलल्या. दोन भाषांत, त्यांच्या आणि आमच्या, म्हणजे तेच दोनदा. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि आज एक आनंदाची गोष्ट सांगते. या उंबऱ्यात सुरुंग लावण्याचा एक अर्ज आमच्याकडे आला होता." बाई फिनिश, वासाच्या पलीकडच्या. अर्ज कुणाचा हे त्यांना कागदावरच्या आडनावापुरतंच माहीत असावं. "पण प्रोफेसरांनी स्वतः अत्यंत कळकळीचं पत्र लिहिलं. जगात कुठेही, एखादं तळं समुद्रापासून तुटतानाचं इतकं जुनं आणि सलग मोजमाप नाही. या पत्रामुळे हा उंबरा कायमचा, जसा आहे तसा राहणार आहे."

बंगलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाने केककडे पाहिलं.

मी काकूकडे पाहिलं. ती पाण्यातून उंबऱ्याकडे निघालीच होती, काठी हातात. थांबली नाही. खिळ्यापाशी पोचली, पायाने चाचपला, त्यावर काठी टेकवली आणि काठाकडे तोंड केलं.

"होल्गर!" तिने हाक मारली. आवाज जाळ्यांवर कमावलेला. "किती?"

प्रोफेसरांनी दुर्बिणीला डोळा लावला. "चौतीस! थांब, थांब." मग खिशातून फोन काढला. "वासाच्या मापकावर आज पाणी सरासरीपेक्षा पाच वर आहे. म्हणजे खरे एकोणतीस!"

"आणि पुस्तकात किती?"

"कुठल्या पुस्तकात?"

"तुझ्या! पान एकशे बारा! या वर्षासाठी किती लिहिलं होतंस?"

आणि प्रोफेसरांचा चेहरा उजळला. मी तो कधी विसरणार नाही. पंचेचाळीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहावी तो कुणीतरी अखेर विचारला, तसा उजळला. बहिणीने पुस्तक वाचलं होतं!

"सव्वीस!" ते लोकांकडे वळले. "सव्वीस म्हटलं होतं मी, मंडळी! अठ्ठ्याहत्तर साली! एक काठी, एक दुर्बीण आणि एक वही, बस्स! सव्वीस म्हटलं, एकोणतीस आले. आणि ते वरचे तीन सेंटिमीटर माझे नाहीत. ते जगाचे आहेत. ग्रीनलंड असं वितळेल हे तेव्हा मला कोण सांगणार होतं? ते तीन सोडा, मी तंतोतंत बरोबर होतो!"

बंगलीवाले पुन्हा टाळ्या वाजवू लागले. हेइक्किलाबाईंनी तर कप खाली ठेवून वाजवल्या.  माझ्या शेजारी दुकानदार बेंग्ट उभा होता, त्याच्या पलीकडे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी एल्वी.

"अठ्ठ्याहत्तर म्हणाला ना हा?" एल्वी.

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि यांच्या वाटण्या?"

"एकोणऐंशी. ईस्टरला."

"मेंढी कापली होती."

"हो. आपल्याकडे पाठवली होती थोडी."

"तेव्हा म्हटलं होतं मी, भाऊ असावा तर असा," एल्वी म्हणाली आणि केकची बशी न संपवता टेबलावर ठेवली. आमच्याकडे याहून कडक शब्द कुणी कुणाला बोलत नाही.

काकू काठावर आली, काठी माझ्या हातात दिली. प्रोफेसर तिच्यासाठी कॉफी घेऊनच आले होते. दोन चमचे साखर घातलेली. तेही आठवत होतं त्यांना.

"वाचलंस तू," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं कधी वाचशील."

"केनेटने वाचून दाखवलं."

"कसं वाटलं?"

"तुला माहीत होतं."

"काय?"

"ईस्टरला. तू उभा राहून बोललास तेव्हा. तुला साल माहीत होतं."

प्रोफेसरांनी कप तिच्याकडे धरलेला तसाच ठेवला. "मायलिस, ते शास्त्र होतं. अंदाज होता. दहा टक्के इकडे तिकडे..."

"आत्ताच म्हणालास, तंतोतंत."

ते थोडं हसले. मग हसू विझलं. "तू समुद्रच घेतला असतास," ते हळू म्हणाले. "खरं सांग. तुला शेतं दिली असती, ताटात वाढून दिली असती, तरी तू म्हणाली असतीस, मला होडीघर हवं."

"म्हणाले असते."

"मग?"

"मग मला सांगायचं होतंस की एकवीस वर्षं आहेत. मी एकवीस वर्षं घेतली असती, होल्गर. आनंदाने घेतली असती. तू मला समुद्र म्हणून दिलास."

प्रोफेसरांनी हातातल्या कपाकडे पाहिलं.

"दर वसंतात तू फोन करायचास," काकू म्हणाली. "बर्फ फुटला का. उंबरा साफ केलास का. किती दगड निघाले. मी सांगायचे. तू ऐकून घ्यायचास."

"तू उत्साहात असायचीस. तुला त्यात आनंद होता. मी तो का घालवायचा?"

"रूनेच्या पाठीत आनंद नव्हता."

 त्यांनी कप दुसऱ्या हातात घेतला.

"आणि पत्र?"

"मी लिहितो म्हणालो होतो. काय लिहीन ते म्हणालो नव्हतो," प्रोफेसर म्हणाले, आणि बोलताक्षणी ते त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण ते घाईघाईने पुढे बोलू लागले. "तू समजून घे. मी सात तळी मेलेली पाहिली. त्यांच्या चिखलातून अंदाज बांधत बसलो. हे एकच मला जिवंत सापडलं. तुटताना. माझ्या डोळ्यांसमोर. अजून तीस-पस्तीस वर्षांत ते पूर्ण होईल, मी नसेन, पण कुणीतरी इथे उभं राहून..."

"ते मी राहते ते घर आहे," काकू म्हणाली.

एवढंच. आवाज चढला नाही. तिने त्यांच्या हातून कॉफी घेतली, उभ्या उभ्या संपवली आणि कप त्यांना परत दिला.

"चल. होडी ओढू लाग."

"कुठे?"

"उंबऱ्यावरून बाहेर. सकाळीच भरलीय. जड आहे, एकटीला जमणार नाही. बेंग्ट, ये! केनेट, ती काठी टाक. आज पाच वर आहे पाणी, संध्याकाळी नसेल."

होडी आणली. जाळी, खोकी, नांगर, काकाचा तेलकट कोट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तीत होतं. आम्ही चौघं उंबऱ्यावर उतरलो. प्रोफेसरांनी बूट काढले नाहीत, सुचलं नसावं. होडी खडकावर चढली, अडली, खरवडत सरकली. काकू मागून ढकलत होती आणि ओरडत होती, "बेंग्ट, तुझ्या बाजूने! होल्गर, उचल, बघत काय बसलास, उचल!" प्रोफेसर उचलत होते. एकदा घसरले, गुडघ्यावर पडले, उठून पुन्हा त्यांनी कड धरली. काठावर बंगलीवाले फोटो काढत होते. त्यांना वाटलं, हा जुना रिवाज असेल.

होडी पलीकडे पाण्यात पडली आणि एकदम हलकी झाली. काकू चढली. इंजिन खाली केलं, दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला सुरू.

"खुंटा कितवा, केनेट?" तिने विचारलं.

"चौदा. माझ्या डावीकडे."

तिने मान हलवली. घराच्या खिडकीकडे, होडीघराकडे तिने पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं, रागाने नाही, तो तिथे आहे की नाही ते बघावं तसं, आणि तोंड समुद्राकडे करून गेली.

बेंग्ट काठाकडे निघून गेला. प्रोफेसर आणि मी उंबऱ्यावर उभे राहिलो, पोटरीभर पाण्यात. त्यांची फिकट विजार वरपर्यंत भिजली होती. होडी मुखाबाहेरच्या शेवटच्या खडकामागे गेली.

"नैऋत्येचा वारा सुटला की येईल परत," ते म्हणाले. "पाणी चढेल तेव्हा."

"नाही, प्रोफेसर."

ते विचार करत होते. पायाखाली शेकडो किलोमीटरवर कणीक किती घट्ट आहे हे ज्याला कळतं तो माणूस माझ्याकडे वळला आणि त्याने मला विचारलं,

"रागावली आहे का ती?"

मी त्यांचा हात धरला, कारण खडक निसरडा होता, आणि त्यांना काठावर घेऊन आलो.